उन्हाळ्यात कोकण-गोवा: सौंदर्यसामान घरून काय न्यायचं, वाटेत काय घ्यायचं

मे महिन्यात कोकणात निघालेल्या बायकांच्या बॅगा साधारण दोन तऱ्हेच्या असतात. एकीत अख्खं ड्रेसिंग टेबल कोंबलेलं असतं, तर दुसरीत एक कंगवा आणि ‘मिळेल की तिथे’ हा भरवसा. पहिलीतलं निम्मं सामान गाडीच्या डिकीत वितळतं. दुसरीची मालकीण तिसऱ्या दिवशी सोलवटलेलं नाक घेऊन मेडिकलच्या दुकानात उभी असते.

पहिल्यांदाच जात असाल तर पलंगावर सरळ दोन ढीग करा. डोळ्यांत, ओठांवर आणि थेट उन्हासमोर जाणाऱ्या वस्तू घरून न्या, ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या आणि सीलबंद. लावून धुऊन टाकायचं, केसांत माळायचं किंवा टाचांना चोळायचं असेल, ते तिथल्या बाजारात शोधा. हिंडण्याची मजा दुसऱ्या ढिगातच आहे, पण आधी पहिला उरकू.

सनस्क्रीन: यात काटकसर नको

कोकण किनाऱ्यावर मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी यूव्ही निर्देशांक ११च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही सर्वांत वरची पायरी. त्यात कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. म्हणून शॅकच्या छत्रीखाली बसून नुसतं लिंबूसरबत प्यायलेली माणसंही संध्याकाळी लालबुंद होऊन परततात आणि ‘मी तर सावलीतच होते’ म्हणतात.

ट्यूबवर दोन गोष्टी बघायच्या. एसपीएफचा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचा हिशेब सांगतो. ३० असेल तर सुमारे ९७ टक्के अडतात, ५० असेल तर सुमारे ९८. तेव्हा १०० लिहिलेल्या ट्यूबसाठी दुप्पट पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. पीएपुढची अधिकचिन्हं यूव्हीए किरणांसाठी असतात. रंग काळवंडण्यात आणि सुरकुत्यांमध्ये त्यांचा मोठा हात, म्हणून निदान तीन चिन्हं असलेली ट्यूब घ्या. पाण्यात उतरणार असाल तर ती पाण्यात ४० मिनिटं टिकते की ८०, हेही लेबलवर वाचा.

वांग येण्याची सवय असेल, विशेषतः गरोदरपणानंतर आलेलं वांग असेल, तर रंगीत म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर हा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो आणि पांढऱ्या सनस्क्रीनचा त्याच्यापुढे फारसा निभाव लागत नाही. शिवाय टिंटेडमुळे चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसत नाही, हा फायदा वेगळाच.

आता प्रमाण. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत जाड रेघ ओढायची. एवढं चेहरा आणि गळ्याला. अख्ख्या अंगाला एकदा लावायचं तर मोठ्या माणसाला साधारण ३० मिली लागतं. म्हणजे ५० मिलीची एक ट्यूब चौघांच्या घराला चार दिवस पुरवायचा बेत कागदावरही जमत नाही. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा. मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर, टॉवेलने अंग पुसलं की लगेच, पुन्हा.

हमखास विसरतात त्या जागा म्हणजे कानाच्या पाळ्या, भांगाची रेघ, ब्लाउजच्या गळ्यातून उघडी राहणारी पाठ आणि पावलं. चपलेच्या पट्ट्यांची नक्षी पायावर उमटली की दिवाळीपर्यंत जात नाही. घरातल्या पुरुषमंडळींना ‘मला नाही लागत असलं काही’ म्हणण्याची खोड असते. त्यांच्या टकलाला आणि मानेला तुम्हीच लावून टाका.

एसपीएफ १५ लिहिलेल्या कॉम्पॅक्टच्या भरवशावर राहू नका. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेले असतात. तेवढी पावडर तोंडाला कोणी थापत नाही. रेटिनॉलची रात्रीची क्रीम वापरत असाल तर समुद्राच्या सहलीत तिला रजा द्या. डॉक्सीसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाच्या गोळ्या चालू असतील तरी जपा, कारण दोन्हींमुळे कातडी उन्हाला हळवी होते.

मेकअप: चार वस्तू, पाचवी नको

टिंटेड सनस्क्रीन असेल तर फाउंडेशन घरीच ठेवा. दमट हवेत घाम वाळत नाही, चेहऱ्यावरच साचतो, आणि फाउंडेशन त्याच्याबरोबर नाकाच्या कडेला जमा होतं. वॉटरप्रूफ काजळ, एक लिपस्टिक, थोडी बिनरंगी सैल पावडर आणि लिप बाम, एवढ्यात लग्नाचं आमंत्रणसुद्धा निभतं. लिपस्टिक मॅट घ्या, वीटकरी किंवा जांभळट. तीच बोटाने गालांवर टिपली की ब्लशचं काम होतं. गुळगुळीत क्रीम लिपस्टिक मात्र उन्हात उभ्या गाडीत मान टाकते. बंद गाडीत आतला पारा सहज ५०च्या वर जातो. हा पाउच कधीही डॅशबोर्डवर ठेवू नका. हातातल्या पर्समध्ये, पाण्याच्या गार बाटलीला लागून ठेवा. सनस्क्रीनलाही हेच लागू, कारण तापून पाणी-तेल फुटलेली ट्यूब उपयोगाची राहत नाही.

काजळ पसरू नये म्हणून एक सोपी युक्ती. खालच्या पापणीच्या कडेखाली आधी पावडरचा हलका हात फिरवा आणि काजळाची रेघ शक्यतो वरच्या पापणीलाच ओढा. घाम खालच्या बाजूनेच पुसला जातो, त्यामुळे वरची रेघ जागेवर राहते.

आजीच्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची. कपाळावर आधी मेणाचं बोट, त्यावर कुंकू. दिवसभर चुलीपुढे बसूनही ते ओघळत नसे. आज याच कामाला प्रायमर म्हणून वेगळे पैसे मोजतो. कुंकू लावणाऱ्यांनी मेण जरूर न्यावं.

टिकली लावणाऱ्यांसाठी एक इशारा. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. काहींना त्याने आधी खाज सुटते आणि मग कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. घामाने कातडी ओली असली की त्रास आणखी वाढतो. रात्री टिकली आरशाला चिकटवून झोपा, रोज जागा थोडी बदला, आणि खाज आली तर त्या पाकिटाचा मोह सोडा. तुळशीबागेत पाकिटं कितीही स्वस्त मिळोत, सहलीला नवीन पाकीट न्यायचं तर आठवडाभर आधी घरी वापरून बघा.

लेबल कसं वाचायचं

देशात बनलेल्या प्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत असायलाच हवी. बाहेरून आलेल्या वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ किंवा १२चा आकडा असतो, तो डबी उघडल्यापासूनचे महिने सांगतो. गेल्या उन्हाळ्यात उघडलेली सनस्क्रीन पुन्हा नेण्याआधी हा आकडा बघा.

किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर ऊन खात लटकणाऱ्या ट्यूबा आणि निम्म्या किमतीतली परदेशी नावाची लिपस्टिक यांच्या वाटेला जाऊ नका. दुकानात टेस्टरची लिपस्टिक ओठांना टेकवायची नाही, मनगटाला लावून रंग बघायचा.

आता बाजार: कोकम तेलाचा गोळा

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या बाजारात आमसुलं आणि कुळथाच्या पिठाशेजारी पांढरट, हाताने वळलेले गोळे दिसतील. हेच कोकम तेल, मुठेल. नावात तेल असलं तरी हाताला लागतो तो दगडासारखा घट्ट गोळा. गोव्यात भिरंडांचं तेल म्हणून विचारा.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडली की साली आमसुलांसाठी वाळवतात आणि मागे बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर आलेली चरबी काढून घेतात आणि निवताना मुठीत दाबून गोळे करतात. बोटांचे ठसे बऱ्याचदा गोळ्यावर तसेच राहिलेले असतात. हे तेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, खोबरेल मात्र २४ अंशांनाच. म्हणून मे महिन्यात खोबरेलाची बाटली बॅगेत पाण्यासारखी हिंदकळत असताना हा गोळा सावलीत जसाच्या तसा राहतो. उन्हाळी प्रवासाला याहून सोयीची चरबी माझ्या माहितीत नाही.

पारख अशी करायची. नखाने कड खरवडा. अस्सल तेल ठिसूळ असतं, त्याचा चुरा पडतो. मऊ लोण्यासारखं बोटाला फासलं गेलं तर त्यात दुसरं तूप-मेण मिसळल्याची शंका घ्यायला हरकत नाही. मग वास घ्या. रातांब्यांचा हंगाम एप्रिल-मे असला तरी बिया वाळवून तेल पुढे सवडीने काढतात, तेव्हा मे महिन्यात हाती येणारा गोळा गेल्या वर्षीचा असू शकतो. त्याने काही बिघडत नाही, फक्त खवट वास नको. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ‘मावशी, दुसरो असा काय?’ विचारा. त्या राग मानत नाहीत, खालच्या टोपलीतला काढून देतात. वर सल्लाही मिळतो: ‘पायाक लाव गो, तोंडाक नको.’

सल्ला अगदी बरोबर आहे. दमट हवेत चेहऱ्याला एवढी जड चरबी नकोच, मुरमं येणाऱ्यांना तर मुळीच नको. टाचांच्या भेगा, कोपरं, नखांच्या कडा आणि रात्री ओठ, ही त्याची ठिकाणं. चण्याएवढा तुकडा तळहातांत घासा. अंगाच्या उबेने विरघळेपर्यंत धीर धरा, मग चोळा, वर सुती मोजे चढवा. मोजे विसरलात तर यजमानांच्या चादरीवर तेलकट डाग ठरलेले. एक गोळा सहज वर्षभर पुरतो, तेव्हा ‘स्वस्त आहे’ म्हणून डझनभर उचलू नका.

घाण्याचं खोबरेलही घ्या, पण ते केसांसाठी. समुद्रात उतरण्याआधी केस गोड्या पाण्याने ओले करायचे, मग शेंड्यांना तेल लावून घट्ट वेणी घालायची. आधीच भिजलेले केस खारं पाणी कमी शोषतात. बाहेर आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, शाम्पू त्यानंतर.

फुलं, वाळा, उटणं

सिंधुदुर्गात आणि गोव्यात उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाणार असाल तर सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, मिळतील. वेंगुर्ल्याच्या बाजूला फुलं झाडाच्या फांदीवरून उतरवतात आणि कळ्या वाळवून अत्तरवाल्यांना विकतात. पिवळ्या केसरांच्या गच्च गुंफलेल्या या वळेसाराचा वास मोगऱ्यापेक्षा गडद असतो, बंद गाडीत काहींचं डोकं धरतं. मे उजाडेपर्यंत सुरंगी बहुधा संपते. मग मोगरा आहे, अबोली आहे. अबोलीला वास नाही पण ती उन्हात सहजी मान टाकत नाही, म्हणून दिवसभर हिंडायचं असेल तर मी अबोलीच घेते. बकुळीची, तिथल्या भाषेत ओवळीची, फुलं मिळाली तर वाळलेली माळ कपड्यांच्या बॅगेत ठेवा. वाळल्यावरही तिचा वास टिकतो, आणि दमट हवेत कपड्यांना येणारा कुबट वास दबतो.

परफ्यूमबद्दल एवढंच, की उन्हात जाताना मानेवर फवारू नका. बर्गमॉट-लिंबाची काही तेलं उन्हाशी मिळून डाग पाडतात. कपड्यावर चालतो. अत्तर पांढऱ्या कपड्यावर मात्र नको, तेलाचा डाग राहतो.

उटण्यासाठी पर्यटकांच्या दुकानातल्या रंगीत बरण्यांपेक्षा गावातलं काष्ठौषधींचं दुकान गाठा. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, मसूरडाळीचं पीठ, मुलतानी माती असं सुटं घेऊन दुकानदाराकडूनच मिसळून घ्यायचं. पावडर सांडत नाही, वितळत नाही. दमट हवेत गुलाबपाण्यात कालवा, त्वचा कोरडी असेल तर दुधात. लेप पुरता वाळून चेहरा ताणेपर्यंत ठेवायचा नाही, ओलसर असतानाच धुवा. आदल्या रात्री कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. उन्हाने भाजलेल्या कातडीवर मात्र उटणं घासू नका. तिला गार पाण्याची पट्टी आणि साधं कोरफडीचं जेल पुरे.

सहल कोकणाऐवजी नागपूर-चंद्रपूरकडची असेल तर हिशेब उलटा. तिथे पारा ४५ला टेकतो, पण हवा कोरडी. जेलऐवजी क्रीमचं सनस्क्रीन, ओठांना दिवसाही बाम आणि तोंडावर सुती ओढणी. मराठवाड्यात-विदर्भात बोअरच्या जड पाण्यात शाम्पूला फेस येत नाही आणि केस चिकट राहतात. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, फरक लगेच कळतो.

यांपासून लांब

किनाऱ्यावर तासाभरात काळीकुट्ट रंगणारी मेंदी. अस्सल मेंदी आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. लगेच काळी झाली तर त्यात केस काळे करण्याचं पीपीडी रसायन असण्याची दाट शक्यता. त्याने नक्षीच्या आकाराचे फोड येतात, व्रण राहू शकतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की पुढे केसांचा रंग लावायचीही पंचाईत. लहान मुलींचे हात तर अजिबात पुढे करू नका.

सुट्या डबीतला सुरमा. त्यात शिसं असू शकतं आणि ते डोळ्यांतून, बोटांतून पोटात जातं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालायला कोणी आग्रहाने दिला, तर नमस्कार करून पर्समध्ये ठेवा आणि घरी आल्यावर टाकून द्या.

‘सात दिवसांत गोरं’ करणारी, धड लेबल नसलेली क्रीम. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. महाराष्ट्रात आणि केरळात तिच्यामुळे मूत्रपिंडाचे विकार झालेले रुग्ण अलीकडच्या वर्षांत आढळले आहेत. लेबलावर मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल यांपैकी काहीही दिसलं तर परत ठेवा. लेबलच नसेल तर हातातही घेऊ नका.

आणि एक खास कोकणी धोका, ज्याबद्दल शहरातून आलेल्यांना कोणी सांगत नाही. ओले काजू. उसळीसाठी गर काढताना सालीतला चीक बोटांना लागतो, त्याने कातडी काळी पडून सोलवटते. तिथल्या बायका आधी हाताला खोबरेल नाहीतर राख चोळतात. हौसेने दोन काजू सोलून तोच हात गालावर नेलात तर महिनाभर डाग मिरवावा लागेल. लिंबाच्या रसाचंही तसंच. सरबत पिळलेले हात धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका आणि ‘टॅन घालवायला’ तोंडाला लिंबू तर कधीच चोळू नका. रस आणि ऊन मिळून कातडीवर भाजल्यासारखे पट्टे उठतात.

रात्रीची धुलाई आणि परतीची बांधाबांध

वॉटरप्रूफ काजळ आणि सनस्क्रीन नुसत्या साबणाने निघत नाही. बोटावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन मिटलेल्या पापण्यांवर हलकेच फिरवा, कापसाने टिपा, मग फेसवॉश. फक्त वाइप्सने पुसून झोपू नका. घाम, मीठ आणि वाळू तोंडावरच राहते आणि चौथ्या दिवशी कपाळभर बारीक पुळ्या येतात.

गाडीने परतत असाल तर तेलाच्या बाटलीच्या तोंडाला प्लास्टिकचा तुकडा लावून झाकण घट्ट करा आणि ती उभी ठेवा. मोपा किंवा चिपीहून विमानाने असाल तर तेल चेक-इन बॅगेत, दोन झिप पिशव्यांत. भारतातून परदेशी निघणाऱ्यांना केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही, भले ती अर्धी रिकामी असो. कोकम तेलाचा गोळा कागदात गुंडाळून घट्ट डब्यात भरा आणि आंब्याच्या पेटीपासून लांब ठेवा. चरबी वास ओढून घेते, आणि टाचांना हापूसचा वास नको असतो.